लिग्निन: काष्ठकोशिकांतील बंधकद्रव्याचे रसायन

लाकडाचा बारीक भुसा योग्य विद्रावकांनी धुऊन त्यातील राळ व मेणासारखे पदार्थ प्रथम काढून टाकले आणि मग तो ७२ टक्के तीव्रतेच्या थंड सल्फ्यूरिक अम्लात सुमारे दोन तास भिजत ठेवला, तर त्यातील सेल्युलोज विरघळू लागते. पुढे त्यात भरपूर पाणी घालून मिश्रण काही तास उकळले म्हणजे सर्व बहुशर्करांचे जलीय विच्छेदन पुरे होते आणि पात्राच्या तळाशी तपकिरी रंगाची एक भुकटी शिल्लक राहते. स्वीडिश रसायनज्ञ पेटर क्लासोन याच्या नावावरून या भुकटीस ‘क्लासोन लिग्निन’ म्हणतात, आणि लाकडातील लिग्निनचे प्रमाण आजही बहुधा याच रीतीने ठरविले जाते. सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडात ते २५ ते ३३ टक्के भरते; समशीतोष्ण कटिबंधातील रुंद पानांच्या वृक्षांत ते बहुधा १८ ते २५ टक्के असते. उष्ण कटिबंधातील अनेक वृक्षांत ते याहून अधिक आढळते. सागाच्या लाकडात ते सुमारे ३० टक्के आहे.

मोजमापाची ही रीत सोयीची असली तरी तिच्यातील एक उणेपणा ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘जे विरघळले नाही ते लिग्निन’ अशी ही व्याख्या आहे. पदार्थाची ओळख त्याच्या स्वतःच्या गुणधर्मांवरून न होता, इतर सर्व निघून गेल्यावर मागे काय राहिले यावरून व्हावी, ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट नव्हे. शिवाय रुंदपानी वृक्षांच्या बाबतीत लिग्निनचा काही भाग अम्लात विरघळून निसटतो, आणि जो मागे राहतो तोही झाडात होता तसा राहत नाही. तीव्र अम्लाने त्याच्या रेणूंत नवे बंध निर्माण होतात व जुने तुटतात. मूळ लिग्निन जसेच्या तसे हाती लागत नाही आणि जे हाती लागते ते मूळ लिग्निन नसते. या पदार्थाचे संशोधन शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या अडचणीभोवती फिरत राहिले ती हीच होय.

काष्ठकोशिकांत लिग्निनचे स्थान कोणते हे प्रथम पाहिले पाहिजे. खोडातील ऊतककरापासून नवी कोशिका निर्माण होते तेव्हा तिचे आवरण पातळ व लवचिक असते. कोशिका वाढून पूर्ण आकारास आली म्हणजे तिच्या प्राथमिक आवरणाच्या आतल्या बाजूस द्वितीयक आवरणाचे तीन थर क्रमाने बसू लागतात. यांपैकी मधला थर सर्वांत जाड असतो. सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू प्रथम रचले जातात, त्यांच्या सभोवार हेमिसेल्युलोज असते, आणि उरलेल्या जागेत लिग्निन मागाहून भरत जाते. त्याचा आरंभ कोशिकेच्या आतून होत नाही. जेथे तीन-चार कोशिकांचे कोपरे एकत्र येतात तेथे व शेजारच्या कोशिकांस जोडणाऱ्या मध्यपटलात लिग्निन प्रथम दिसू लागते; तेथून ते आतल्या थरांकडे पसरते. हे काम पुरे झाल्यावर वाहिका व वाहिन्या यांच्या कोशिकांतील जीवद्रव्य नाहीसे होते आणि केवळ नळी उरते. वृक्षाचे पाणी याच मृत नळ्यांतून वर चढते.

या रचनेस सलोह काँक्रीटची उपमा देण्याची रूढी आहे. सेल्युलोजचे तंतू म्हणजे लोखंडी सळ्या व लिग्निन म्हणजे त्यांभोवतीचे सिमेंट. उपमा बऱ्याच अंशी सार्थ आहे. ताण सहन करण्याचे काम सेल्युलोजकडे व दाब सहन करण्याचे काम मुख्यतः लिग्निनकडे असते. सूचिपर्णी वृक्षाचे खोड कलले तर त्याच्या खालच्या बाजूस, म्हणजे जेथे दाब पडतो तेथे, लिग्निनने अधिक समृद्ध असे लाकूड तयार होते. रुंदपानी वृक्षांत उलट वरच्या, ताणाच्या बाजूस जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचे अस्तर असलेले तंतू आढळतात. परंतु काँक्रीटच्या उपमेत एक गोष्ट सुटते. लिग्निन पाण्यास दूर सारते. वाहिनीच्या भिंतीत ते नसते तर पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने ती नळी आत चेपली गेली असती आणि भिंतीतून पाणीही झिरपत राहिले असते. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्यानंतर त्यांना उंच वाढता आले ते या द्रव्यामुळे.

मध्यपटलात लिग्निनची दाटी सर्वांत अधिक असते, म्हणून बहुतेक लिग्निन तेथेच असावे असा समज पुष्कळ वर्षे होता. १९६९ मध्ये कॅनडातील गोरिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी स्प्रूसच्या लाकडाचे अतिपातळ छेद जंबुपार किरणांच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कोपऱ्यांतील द्रव्यात लिग्निन सुमारे ८५ टक्के व द्वितीयक आवरणात अवघे २२-२३ टक्के आढळले. तरीही द्वितीयक आवरणाचे आकारमान इतके मोठे की एकूण लिग्निनपैकी ७० टक्क्यांहून अधिक भाग तेथेच होता. दाटी आणि राशी या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या मोजणीने स्पष्ट केले. कागदाच्या कारखान्यात याचे महत्त्व मोठे आहे, कारण तंतू एकमेकांपासून सुटे झाले म्हणजे लिग्निन निघाले असे होत नाही.

लिग्निनच्या रासायनिक शोधाचा आरंभ आन्सेल्म पेयां या फ्रेंच शास्त्रज्ञापासून धरतात. १८३८ मध्ये त्याने लाकडावर नायट्रिक अम्लाची व मग अल्कलीची क्रिया करून एक तंतुमय पांढरा पदार्थ मिळविला. त्यालाच पुढे सेल्युलोज हे नाव मिळाले. या पदार्थापेक्षा मूळ लाकडात कार्बनचे प्रमाण जास्त भरते, हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्यावरून सेल्युलोजवर कार्बनसंपन्न असे दुसरे काही द्रव्य पुटासारखे बसलेले असावे असे त्याने अनुमान केले. अनुमान बरोबर होते. सेल्युलोजमध्ये कार्बन सुमारे ४४ टक्के असतो, तर लिग्निनमध्ये तो ६० टक्क्यांहून अधिक.

हे द्रव्य कोणत्या जातीचे, याचा पहिला धागा अगदी निराळ्या दिशेने मिळाला. थिओडोर हार्टिग याला १८६१ मध्ये सूचिपर्णी झाडांच्या ऊतककराच्या रसातून एक स्फटिकी पदार्थ मिळाला. त्यास पुढे कोनिफेरीन म्हणू लागले. १८७४ मध्ये टीमान व हारमान या जर्मन रसायनज्ञांनी कोनिफेरीनपासून व्हॅनिलीन, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेतील सुगंधी द्रव्य, तयार केले व होल्ट्समिंडेन येथे त्याचा कारखानाही निघाला. कोनिफेरीन म्हणजे कोनिफेरिल अल्कोहॉल व ग्लुकोज यांचे संयुग. या अल्कोहॉलच्या रेणूत एक बेंझीन वलय, त्यास जोडलेली तीन कार्बन अणूंची शृंखला, एक फिनॉली हायड्रॉक्सिल गट व एक मिथॉक्सी गट असतो. लिग्निनचे या अल्कोहॉलशी नाते असावे, असे क्लासोनने १८९७ मध्ये सुचविले. पुरावा तोकडा होता, पण सूचना अचूक ठरली.

तथापि ती सर्वमान्य होण्यास फार काळ लागला. लिग्निन अलग करण्याची प्रत्येक रीत निराळा पदार्थ हाती देई. अम्लाने मिळालेले लिग्निन कशातच विरघळत नसे. अल्कलीने मिळालेले अल्कलीत विरघळे. सल्फाइटच्या विद्रावाने काढलेले गंधकयुक्त असून पाण्यातही विरघळे. यांपैकी खरे कोणते? विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तर लाकडात लिग्निन मुळी नसतेच, शर्करांवर अम्लाची क्रिया होऊन ते प्रयोगशाळेत निर्माण होते, असाही पक्ष मांडला गेला. आज तो पक्ष विचित्र वाटला तरी त्या काळच्या पुराव्यात तो अगदीच निराधार नव्हता, कारण शर्करांपासून तीव्र अम्लात तपकिरी अविद्राव्य द्रव्ये खरोखरच बनतात. त्याचे निराकरण दोन दिशांनी झाले. हायडेलबर्ग येथील कार्ल फ्रॉइडेनबर्ग व त्याच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये स्प्रूसच्या लाकडाचे नायट्रोबेंझीन व अल्कली यांच्या साहाय्याने ऑक्सिडीभवन केले, तेव्हा लिग्निनच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश व्हॅनिलीन मिळाले. अल्कलीत शर्करांपासून इतके व्हॅनिलीन निघणे अशक्य आहे. दुसरीकडे, कोणतीही क्रिया न केलेल्या लाकडाच्या छेदांत २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास बेंझीन वलयाचे विशिष्ट शोषण दिसून आले. वलये लाकडात आधीपासूनच होती.

मूळ द्रव्याच्या शक्य तितके जवळ जाणारे लिग्निन स्वीडनमधील ब्यर्कमान याने १९५४ च्या सुमारास मिळविले. त्याने रासायनिक बळाऐवजी यांत्रिक बळाचा आश्रय घेतला. टोल्यूईनमध्ये बुडविलेले लाकूड गोळ्यांच्या चक्कीत दीर्घकाळ दळून त्याचे अतिसूक्ष्म पीठ केले व मग पाणी मिसळलेल्या डायॉक्सेनने त्यातील लिग्निन धुऊन काढले. यातही सर्व लिग्निन येत नाही आणि दळण्याने काही बंध तुटतातच. परंतु त्यानंतरचे बहुतेक रचनाशोधन या ‘दळलेल्या लाकडाच्या लिग्निन’वर झालेले आहे.

दरम्यान प्रश्नाची बाजूच पालटली होती. लिग्निन मोडून पाहण्याऐवजी ते घडवून पाहावे, ही कल्पना पुढे आली. होल्गर एर्टमान याने १९३३ मध्ये आयसोयूजेनॉल या तत्सम फिनॉलचे ऑक्सिडीभवन करून दोन रेणू कसे जोडले जातात ते दाखविले व लिग्निनची उत्पत्ती अशीच होत असावी असे म्हटले. फ्रॉइडेनबर्गने १९४३ पासून हे प्रत्यक्ष करून पाहिले. त्याने कोनिफेरिल अल्कोहॉलच्या विद्रावात अळंबीच्या रसातील एंझाइम मिसळून हवेच्या सान्निध्यात ठेवले, तेव्हा लिग्निनशी आश्चर्यकारक साम्य असलेला एक पदार्थ खाली बसला. क्रिया अर्ध्यावर थांबविली असता दोन-दोन घटक जोडून झालेली संयुगे वेगळी करता आली, आणि तसलेच सांधे लिग्निनच्या विघटनातूनही मिळाले. एका सामान्य अळंबीच्या रसाने एवढ्या मोठ्या वादाचा निकाल लावावा, हा रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक मनोहर प्रसंग आहे.

या क्रियेचे मर्म असे. एंझाइम फिनॉली गटातील हायड्रोजन अणू काढून घेते आणि रेणू मुक्त मूलक होतो. त्यातील एकाकी इलेक्ट्रॉन एकाच अणूवर स्थिर राहत नाही. तो फिनॉली ऑक्सिजनवर, वलयाच्या पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या कार्बनवर आणि शृंखलेच्या मधल्या, म्हणजे ‘बीटा’ कार्बनवर वाटला जातो. त्यामुळे दोन मूलके एकमेकांस ज्या जागी भेटतील त्याप्रमाणे निरनिराळे बंध निर्माण होतात. वाढत्या साखळीच्या टोकावरील ऑक्सिजनला नव्या घटकाचा बीटा कार्बन जोडला जाणे ही सर्वांत अधिक घडणारी गोष्ट होय. सूचिपर्णी लिग्निनमधील निम्म्याच्या आसपास सांधे या ‘बीटा-ओ-४’ प्रकारचे असतात व रुंदपानी वृक्षांत त्यांचे प्रमाण आणखी जास्त असते. उरलेले सांधे बव्हंशी कार्बन-कार्बन बंधांचे आहेत व ते तोडणे फार कठीण असते. नवे सांधे अगदी अलीकडेपर्यंत सापडत होते. आठ अणूंच्या वलयाचा एक सांधा ब्रूनोव व त्याच्या सहकाऱ्यांनी हेलसिंकी येथे १९९५ मध्ये उजेडात आणला.

अल्कोहॉल किती वेगाने पुरविले जाते यावरही रचना अवलंबून असते. प्रयोगशाळेत ते एकदम ओतले तर सुटे घटकच आपसात जोडले जातात व द्विवारिके अधिक होतात. थेंबथेंब सोडले तर प्रत्येक नवा घटक वाढत्या साखळीस लागतो आणि पदार्थ मूळ लिग्निनच्या अधिक जवळ येतो. कोशिकावरणात पुरवठा संथच असतो. तरीही काचपात्रातील लिग्निनमध्ये ‘बीटा-ओ-४’ सांधे झाडातील लिग्निनइतके भरत नाहीत, कारण तेथे सेल्युलोजच्या तंतूंमधील अरुंद जागा व हेमिसेल्युलोजचा संग नसतो.

कोनिफेरिल अल्कोहॉल हा एकमेव घटक नव्हे. फिनिलॲलनीन या ॲमिनो अम्लातील अमोनिया काढून टाकून सिनॅमिक अम्ल तयार करणे ही वनस्पतीची पहिली पायरी असते; ती घडविणारे एंझाइम कूकोल व कॉन यांनी १९६१ मध्ये सातूच्या रोपांत शोधले. पुढे वलयावर हायड्रॉक्सिल व मिथॉक्सी गट बसत जाऊन तीन अल्कोहॉले बनतात. मिथॉक्सी गट नसलेले कूमारिल, एक गट असलेले कोनिफेरिल व दोन गट असलेले सिनॅपिल. सूचिपर्णी वृक्षांचे लिग्निन जवळजवळ सर्वस्वी कोनिफेरिलचे असते. रुंदपानी वृक्षांत कोनिफेरिल व सिनॅपिल दोन्ही असतात. बांबू, ऊस, ज्वारी आदी तृणवर्गीयांत तिन्ही असून शिवाय फेरूलिक व कूमारिक अम्ले त्यांस जोडलेली आढळतात.

एका मिथॉक्सी गटाचा हा भेद क्षुल्लक वाटेल, पण त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. सिनॅपिल अल्कोहॉलमध्ये वलयाच्या तिसऱ्या व पाचव्या अशा दोन्ही जागा मिथॉक्सी गटांनी अडविलेल्या असल्यामुळे तेथे कार्बन-कार्बन सांधा होऊ शकत नाही. यास्तव सिनॅपिलयुक्त लिग्निन अधिक सरळ साखळीचे, कमी गुंतागुंतीचे व म्हणूनच विरघळण्यास सोपे असते. रुंदपानी लाकूड शिजवून लगदा करण्यास पाइन किंवा स्प्रूसपेक्षा सौम्य क्रिया पुरते, याचे एक प्रमुख कारण येथे आहे. या दोन प्रकारांचा भेद रंगपरीक्षेनेही दिसतो. परमँगनेट, हायड्रोक्लोरिक अम्ल व अमोनिया यांची क्रमाने क्रिया केली असता रुंदपानी लाकूड लाल होते, सूचिपर्णी लाकूड तपकिरीच राहते. म्यॉयले याने ही परीक्षा १९०१ मध्ये दिली.

मूलकांचे जोडले जाणे असे निसर्गतः घडते की एखादे प्रथिन त्यास वळण लावते, यावर १९९७ नंतर बराच वाद झाला. त्या वर्षी डेव्हिन, लुइस व सहकाऱ्यांनी दोन कोनिफेरिल मूलकांस एका ठरावीक दिशेनेच जोडणारे प्रथिन वर्णिले. लिग्नॅन नावाच्या लहान संयुगांच्या बाबतीत त्या प्रथिनाचे कार्य निर्विवाद आहे; लिग्निनलाही तसाच मार्गदर्शक असावा हे मत मात्र बहुसंख्य संशोधकांस पटले नाही. लिग्निनमध्ये प्रकाशाचे ध्रुवण-प्रतल फिरविण्याची शक्ती आढळत नाही, ही त्यांची मुख्य साक्ष. सेल्युलोज व प्रथिने एंझाइमांच्या साच्यात घडतात, म्हणून त्यांचे घटक एकाच हाताचे असतात; लिग्निनमध्ये डावे व उजवे सारखेच मिळतात. दुसरी साक्ष उत्परिवर्तित झाडांची. याच १९९७ साली लोब्लॉली पाइनच्या एका प्रकारातील लिग्निन तपासले गेले. त्या झाडात कोनिफेरिल अल्कोहॉल बनविणारे शेवटचे एंझाइम जवळजवळ नव्हते. तरी झाड वाढले, त्याचे लाकूड तपकिरी झाले आणि हाताशी असलेल्या इतर फिनॉलांनी लिग्निनची जागा भरून काढली. एवढी सवलत घेणाऱ्या पदार्थास निश्चित सूत्र नसणार हे उघड आहे. लिग्निनचे दोन रेणू तंतोतंत सारखे असतीलच असे नाही, आणि त्याच्या ‘रचने’चा अर्थ सांध्यांची सरासरी एवढाच घ्यावयाचा.

कागदाचा उद्योग म्हणजे मुख्यतः लिग्निनशी केलेला झगडा आहे. १८७९ मध्ये डान्त्सिख येथे कार्ल डाल याने शोधलेल्या क्राफ्ट पद्धतीत लाकडाच्या चिपा सोडियम हायड्रॉक्साइड व सोडियम सल्फाइड यांच्या विद्रावात सुमारे १७० अंश सेल्सियसला शिजवितात. सल्फाइड ‘बीटा-ओ-४’ सांधे फोडते, लिग्निनचे तुकडे विरघळून काळा विद्राव होतो आणि तो आटवून जाळला म्हणजे कारखान्यास उष्णता व रसायने दोन्ही परत मिळतात. अशा कारखान्याच्या परिसरातील कुजकट वासाचे मूळही लिग्निनमध्येच आहे. त्याच्या मिथॉक्सी गटांतील मेथिल गंधकाशी जुळून मेथिल मरकॅप्टन होतो. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट याने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बांबूवर जे काम केले, त्यामुळे या देशात बांबूपासून कागद करणे शक्य झाले. चंद्रपूरच्या जंगलांतील बांबूवर चालणारा बल्लारपूरचा कारखाना त्याच परंपरेतला.

वृत्तपत्री कागदाची गोष्ट निराळी. तो करताना लाकूड शिजवीत नाहीत, दगडावर घासून त्याचा लगदा करतात. लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कागदात उतरतो व त्याबरोबर जवळजवळ सर्व लिग्निनही. सातपुड्यातील सालईच्या लाकडापासून असा लगदा करणारा नेपानगरचा कारखाना १९५५ मध्ये चालू होईपर्यंत भारतात वृत्तपत्री कागद बनत नव्हता. मराठी वृत्तपत्रे तोवर परदेशी कागदावर छापली जात. त्या अंकांची पाने आज पिवळी व ठिसूळ झालेली आढळतात आणि या दोन्ही दोषांचे खापर सामान्यतः लिग्निनवर फोडले जाते. हे अर्धेच खरे आहे. पिवळेपणा लिग्निनचा खरा. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण शोषून त्यात पुन्हा मुक्त मूलके निर्माण होतात आणि हवेतील ऑक्सिजनच्या योगाने पिवळी क्विनोने बनतात. ज्या क्रियेने लिग्निन झाडात घडले तिचीच ही उत्तरक्रिया म्हणावी. ठिसूळपणाचे मुख्य कारण मात्र अम्ल होय. शाई फुटू नये म्हणून कागदात राळ व तुरटी घालीत. तुरटीतील अम्लाने सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तुटतात. अमेरिकेत विल्यम बॅरो याने १९५० नंतर केलेल्या तपासणीत हे स्पष्ट झाले. कागद अल्कलीयुक्त ठेवला तर लिग्निन असूनही त्याचे बळ बराच काळ टिकते.

यास्तव जुन्या अंकांचे जतन करणाऱ्या ग्रंथालयांनी या दोन दोषांवरील उपाय वेगळे धरले पाहिजेत. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या संयुगांनी कागदातील अम्ल मारले तर पाने तुटण्याचा वेग कमी होतो, परंतु त्याने पिवळा रंग जात नाही व नवा पिवळेपणाही थांबत नाही. त्यासाठी अंधार व थंडावा हवा. दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदासाठी १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यातही या दोन्ही अटी स्वतंत्र आहेत. कागदात सुमारे २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कलीचा साठा असावा, आणि लिग्निनसारख्या ऑक्सिडीभवनक्षम द्रव्याचे प्रमाण परमँगनेटच्या परीक्षेने ठरविलेल्या अल्प मर्यादेत राहावे. एखाद्या कागदात लाकडाचा न शिजविलेला लगदा आहे की नाही हे पाहण्यास मात्र वीस्नर याने १८७८ मध्ये दिलेली जुनी परीक्षा पुरते. फ्लोरोग्लुसिनॉल व हायड्रोक्लोरिक अम्ल यांचा एक थेंब टाकून दिलेल्या कपट्यावर सोडला की लिग्निनमधील सिनॅमाल्डिहाइड गटांमुळे काही क्षणांत लालभडक डाग उमटतो. चिंध्यांपासून केलेल्या कागदावर तो उमटत नाही.